रिकामं पिंप

प्लास्टिकचा मग मी पिंपात घातला आणि तो खडखडत तळाला लागला. हाताला पाणी लागलं नाही.

माझ्या मागं माझी धाकटी जाऊ फरशीवर गुडघे टेकून बसली होती. दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं. "आक्का, डोळं! आक्का, माझं डोळं!" एवढंच ओरडत होती. मिक्सिंगच्या टेबलावर लाल कप फसफसत होता, त्यातून धूर निघत होता आणि तो टेबलावर आपोआप थरथरत होता. त्यातलंच उडून तिच्या डोळ्यांत गेलं होतं.

पिंपावर लाल रंगानं लिहिलं होतं, 'डोळ्यांत किंवा अंगावर उडाल्यास वापरणे. एरवी हात लावू नये.' मी चौथी शिकलेली आहे. मला वाचता येत होतं. तरी त्यातलं पाणी दुपारच्या सुट्टीत आम्ही पाच बायकांनी घरी न्यायला काढून घेतलं होतं, आणि शेवटचा मग मीच ओढला होता.

पाणी गेलं कुठं ते मला ठाऊक होतं. शेडच्या मागं, कुंपणाच्या भिंतीला लागून, पोत्यांखाली झाकलेले पाच डबे. पळत गेलं तर वीस-पंचवीस पावलं. पण ते डबे सगळ्यांसमोर आणायचे म्हणजे चोरी कबूल करायची. चोरी कबूल केली की पाचही जणींचं काम गेलं.

मी मागच्या दारापर्यंत पळाले आणि थांबले.

हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. आधी काम आठवलं, मग तिचे डोळे. किती वेळ थांबले ते सांगता येत नाही. तीन श्वास, चार श्वास. तेवढ्यात ती आणखी एकदा ओरडली.

आता ती वेळ कशी आली ते सांगते.

आम्ही वैजापूरकडचे. मेंढरं राखणारी माणसं. दोन वर्षं पाठोपाठ पाऊस गेला, चारा संपला, मेंढरं विकली आणि वाळूजच्या बाजूला एका वस्तीत पत्र्याच्या खोल्यांत येऊन राहिलो. दोघे भाऊ, दोघी जावा, लेकरं, सगळे एकाच ठिकाणी. शहर तेव्हा चारी अंगांनी वाढत होतं. जिकडं बघावं तिकडं सिमेंटचे खांब उभे, त्यावर गच्च्या आणि गच्चीवर टाक्या. नळाला पाणी जितकं कमी यायचं तितक्या लोकांना मोठ्या टाक्या लागायच्या. त्या टाक्या बनवायच्या कारखान्यात मला काम मिळालं. छोटासाच, एक शेड, पंधरा-सोळा माणसं. काचेच्या धाग्याची चटई साच्यावर अंथरायची आणि तिच्यावर रेझिन चोपडायचं. रेझिन म्हणजे मधासारखी घट्ट राळ. वाळली की लोखंडासारखी टणक.

दिवसभर टाक्या बनवायच्या आणि घरी प्यायला पाणी नाही. वस्तीत टँकर पाच-सहा दिवसांनी यायचा. कधी तेवढ्यानंही नाही. आमच्यातली एक रोज तयार टाकीवर थाप मारून विचारायची, "हिच्यात एखादी रात झोपायला दिलं तर? पाणी आलं की पहिलं माझ्याच अंगावर पडंल." सगळ्या हसायच्या. मी पण हसायचे.

मिक्सिंगचं काम मला एका म्हाताऱ्या उस्तादांनी शिकवलं. शहरातले, जुन्या मोहल्ल्यातले. माझ्याशी अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलायचे. त्यांचे हात बोटांपासून कोपरापर्यंत कातडं सोललेले असायचे, कारण ते शिकले तेव्हा हातमोजे कोणी दिले नव्हते. मला मात्र पहिल्या दिवशी मोजे घालायला लावले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि मगच बादलीपाशी उभं केलं.

रेझिन नुसतं ठेवलं तर वाळत नाही. त्यात दोन औषधं घालावी लागतात. एक कोबाल्ट, जांभळं. दुसरं हार्डनर, अगदी पाण्यासारखं दिसणारं. आधी कोबाल्ट बादलीत घालायचं, काठीनं तळापासून ढवळायचं, सगळीकडं एकसारखा रंग आला की मग हार्डनर. उन्हाळ्यात हार्डनर कमी, नाहीतर ब्रश बुडवायच्या आत बादलीतच गोळा होतो. कोबाल्टला लाल कप, हार्डनरला पांढरा. लाल कप या भिंतीला, पांढरा त्या भिंतीला. पुसायच्या चिंध्याही वेगळ्या.

"देख बाई," उस्ताद म्हणाले, "ये दोनों सौतां हैं. रेझिन के घर में मिले तो संसार करते. सीधे आमने-सामने आये तो घर जला देते. एक का थेंब दुसऱ्याच्या कपात नक्को."

मी म्हटलं, "उस्ताद, तुमच्या घरी दोन हायेत काय? लई माहिती दिसती."

"एकच है," ते म्हणाले. "उसी में इतना सीखा."

मग त्यांनी पिंप दाखवलं. दाराशी, सावलीत, झाकण घातलेलं. डोळ्यांत उडालं तर पहिलं काम पाणी, दुसरं काम पाणी, ओरडणं नंतर. डोळा बोटांनी उघडा धरायचा, डोकं कलतं करायचं, बारीक धार सोडायची आणि घड्याळ बघायचं. पंधरा मिनिटं. माणूस लाथा मारेल, चावेल, तरी धार तोडायची नाही. "और ये पानी किसी के बाप का नहीं," ते म्हणाले. "ये आँख का पानी है."

पुढं त्यांचा दमा वाढला, ते घरी बसले. मिक्सिंग माझ्याकडं आलं. शिकलेल्या पोरांना बाजूला ठेवून कारखान्याच्या साहेबांनी चौथी पास बाईला ते काम दिलं, कारण माझी बादली कधी बिघडत नव्हती.

पाणी घेणं एका बाटलीपासून सुरू झालं. कारखान्याची बोअर आटली होती. आठवड्यातून एकदा टँकर येऊन हौद आणि पिंप भरायचा. टँकर यायच्या आदल्या दिवशी पिंपातलं पाणी शिळं झालेलं, दुसऱ्या दिवशी ते ओतूनच द्यायचं असायचं. मीच म्हटलं, "टाकून देण्यापरीस घरी नेऊ की." पहिल्यांदा एक बाटली. मग प्रत्येकीची एक. मग गोड्या तेलाचे प्लास्टिकचे डबे आले. दुपारच्या सुट्टीत पुरुष माणसं बाहेर टपरीवर गेली की आम्ही भरायचो, भिंतीमागं ठेवायचो, संध्याकाळी डोक्यावर घेऊन जायचो. दुसऱ्या दिवशी पिंप पुन्हा भरलेलं. कोणाला कळलं नाही. टँकरच्या आदल्या दिवशी दुपारनंतर पिंप रिकामं असायचं आणि त्या चार तासांत काही होत नव्हतं. काही होत नाही म्हणून आम्ही ते विसरलो होतो.

धाकट्या जावेला मीच कामाला आणलं. महिना झाला होता. हात चपळ होता, तोंड त्याहून. सुरुवातीला ती साच्यावर होती. मिक्सिंग शिकायची तिला फार हौस. मी तिला दोन कप सांगितले, दोन भिंती सांगितल्या. सवतींचं पण सांगितलं. ती म्हणाली, "मंग थोरली कोण आन् धाकटी कोण?" मी म्हटलं, "जीव गेल्यावर इचार." अशी आमची शिकवणी.

त्या दिवशी सकाळी घरी मी तिला बोलले होते. तिनं लेकरांना वरण दोन वाट्यांत दिलं आणि दोन्ही वाट्यांत घोटभर उरलं. मी म्हटलं, "अगं, पाणी काय तुझ्या माहेराहून येतंय? उरलेलं एकात ओत आन् एकच भांडं घास. किती डाव सांगायचं?"

तिनं वाटी वाटीत ओतली, एक घासली, दुसरी चिंधीनं पुसून उपडी टाकली. त्या वर्षी सगळ्या घरांत असंच चालायचं. दोन भांड्यांचं एक करायचं. हाताला सवयच लागली होती.

दुपारी चारच्या सुमारास शेवटची बादली झाली. ऊन असं की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. मी बादली घेऊन साच्याकडं गेले आणि जाताना तिला म्हटलं, "कप आवरून ठेव." एवढंच. कप आवरायचे म्हणजे दोन्ही वेगवेगळे पुसायचे, वेगवेगळ्या डब्यांतल्या साबणाच्या पाण्यात बुडवायचे. हे मी तिला सांगितलं होतं की नव्हतं, यावर मी पुढं कितीदा विचार केला. सांगितलं होतं. पण त्या आठवड्यात साबणाच्या पाण्याचा एकच डबा होता, कारण दुसरा मीच बंद केला होता. पाणी वाचवायला.

तिच्या पांढऱ्या कपात बोटभर हार्डनर उरलं होतं. लाल कपात तळाला कोबाल्ट. तिनं काम संपलं म्हणून चष्मा कपाळावर सरकवला, घाम पुसला आणि पांढऱ्यातलं लालमध्ये ओतलं. उरलेलं एकात. एकच भांडं घासायचं.

मी पाठमोरी होते. सापानं फूत्कार टाकावा तसा आवाज आला. मग तिची किंकाळी. वळले तर कप धुरात होता आणि ती खाली बसलेली. मी बादली टाकली आणि पिंपाकडं पळाले.

पिंपाचं काय झालं ते सांगितलंच आहे. पिण्याचा माठ साहेबांच्या खोलीबाहेर असायचा, तो जेवणानंतरच कोरडा झाला होता, हौद तर सकाळीच. म्हणजे अख्ख्या शेडमध्ये पाणी नव्हतं. होतं ते फक्त आमच्या चोरीचं.

मी दारात थांबले. मग भिंतीमागं गेले आणि पोतं ओढून फेकलं. पहिला हाताला लागला तो माझाच डबा. झाकण घट्ट बसलेलं. घामानं बोटं निसटत होती. दातांनी ओढलं.

परत आले तर साहेब येऊन पोचले होते. त्यांनी फावड्यानं कप दारापलीकडं ढकलला, वर वाळू ओतली. त्यांचं त्यांना जे कळत होतं ते त्यांनी नीट केलं. मग त्यांनी माझ्या हातातला डबा बघितला आणि पिंपाकडं बघितलं.

"हात काढ," मी जावेला म्हटलं.

"नाय, नाय! आग हाय आक्का, आग हाय!"

"हात काढ म्हणते ना!"

तिचे हात निघेनात. एकीनं तिचे हात मागं धरले, दुसरीनं डोकं मांडीवर घेतलं. मी डाव्या डोळ्याच्या पापण्या दोन बोटांनी फाकवल्या आणि धार सोडली. ती अशी उसळली की माझ्या हनुवटीवर तिचं डोकं बसलं. मी धार तोडली नाही.

"उजव्या डोळ्याचं बघा कुणीतरी! पाणी आणा! तिथंच हायेत, पोत्याखाली!"

तिथंच हायेत, हे मी साहेबांसमोर ओरडले. आता लपवायला काही उरलं नव्हतं. तिसरी पळाली, दोन डबे घेऊन आली. एकीनं उजवा डोळा धरला, पण तिला पापणी उघडायला जमेना. पाणी गालावरून वाहून वाया जात होतं. माझा डबा संपला. मी दुसरा घेतला आणि उजव्या डोळ्याकडं वळले. डावा तिच्याकडं दिला.

"घड्याळ बघा साहेब," मी म्हटलं. "पंधरा मिनिटं झाल्याबिगर थांबायचं नाय."

"चार झाली," साहेब म्हणाले.

चार. मला वाटलं होतं तास झाला.

तिसरा डबा गेला. चौथा. चौथा ज्या बाईचा होता ती म्हणाली, "माझा नको गं. लेकरू तापानं फणफणलंय, घरी थेंब नाय." आणि असं म्हणत म्हणतच तिनं स्वतः झाकण काढलं आणि माझ्या हातात दिला. तोंड फिरवून उभी राहिली.

"नऊ."

पाचवा डबा जावेचाच होता. तिच्याच डब्यातलं पाणी तिच्याच डोळ्यांत घातलं. मी धार अगदी बारीक केली, सुतळीसारखी. एकदा या डोळ्यात, एकदा त्या. ती आता ओरडत नव्हती, नुसती कण्हत होती. ओरडण्यापेक्षा ते वाईट.

"तेरा."

डबा तिरपा केला तर तळाशी ओंजळभर. ती ओंजळ उजव्या डोळ्यात सोडली. संपलं. पंधरा झाली नव्हती.

साहेबांनी गाडी काढली. वाटेत एका टपरीवर थांबून त्यांनी पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि मागं फेकल्या. मोठ्या सरकारी दवाखान्यापर्यंत मी गाडीत तिच्या डोळ्यांवर पाणी ओतत राहिले. सीट, आमची लुगडी, सगळं भिजलं. कित्येक दिवसांत एवढं पाणी माझ्या अंगावर पडलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "धुवायला कधी सुरुवात केली?"

साहेब म्हणाले, "लगेच."

मी भिजलेला पदर पिळत राहिले.

बाहेर बाकावर बसल्यावर साहेबांनी विचारलं, "पिंप कोणी रिकामं केलं, बाई?"

"मी."

"एकटीनं? पाच डबे?"

"मी सुरू केलं. बाकीच्यांना मी सांगितलं."

"तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत व्हतं," मी म्हटलं. "तुम्हालाबी कळत व्हतं की आमच्याकडं पाणी नाय. कुणी इचारलं?"

त्यांना राग आला. मला उद्यापासून येऊ नका म्हणाले. मी बरं म्हटलं. मला त्या घडीला काम नको होतं, आतून काय निरोप येतो तेवढाच पाहिजे होता.

चौथ्या दिवशी पट्ट्या सोडल्या. डाव्या डोळ्यानं तिला माझं तोंड दिसलं. उजव्यानं खिडकी कुठं आहे ते दिसलं, खिडकीत काय आहे ते नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यामुळं एवढं तरी वाचलं. डावा आधी धुतला गेला, उजवा उशिरा. त्यांनी सहज सांगितलं. मी ऐकलं.

दवाखान्यातच मी जावेला सांगितलं. तिच्याजवळ बसून, इकडं तिकडं न बघता. "डब्यांकडं जाताना मी दारात थांबले व्हते. कामाचा इचार आला."

ती म्हणाली, "मला म्हायती हाय, आक्का. डोळं मिटलेलं व्हतं, कान नव्हतं. तुमचं पाय वाजायचं थांबलं ते मला ऐकू आलं."

"मंग बोलली का नाय?"

"मंग वाजाया लागले ना पुन्हा."

तिनं पाणी मागितलं, मी दिलं.

अठरा दिवसांनी साहेबांचा निरोप आला. नव्या माणसाच्या हातून दोन बादल्यांत रेझिनचा गोळा झाला होता. मी गेले. बघते तर पिंपाला कडी आणि कुलूप. किल्ली ऑफिसात.

मी विचारलं, "हे काय?"

"पुन्हा चोरी नको," साहेब म्हणाले.

"आन् डोळा जळतोय तवा किल्ली कुठं हुडकायची? ऑफिसात? का तुमच्या खिशात?"

ते म्हणाले, नियम आहे. मी साच्याकडची हातोडी आणली आणि तीन घावांत कुलूप तोडलं. सगळी शेड बघत होती. मी म्हटलं, "आता काढायचं तर काढा. पण आधी ऐका. बायकांसाठी दुसरं पिंप ठेवा. टँकर येईल तेव्हा तेबी भरा. पाळीपाळीनं रोज एकीला एक डबा घरी नेऊ द्या. मग ह्या पिंपाला कुलूप लावायची गरज नाय. मी स्वतः राखीन."

त्यांनी तुटलेलं कुलूप उचललं आणि ऑफिसात नेलं. दुसरं पिंप आठवड्यानं आलं. हिरवं. साबणाच्या पाण्याचे डबे मी पुन्हा दोन केले. लाल कपाला आणि पांढऱ्या कपाला साखळीनं आपापल्या भिंतीला बांधलं, एकाची साखळी दुसऱ्यापर्यंत पोचणार नाही एवढी आखूड. नव्या येणाऱ्या प्रत्येक बाईला मी पहिल्या दिवशी विचारायचे, घरी उरलेलं एकात ओततेस का? सगळ्या व्हय म्हणायच्या. मग मी म्हणायचे, इथं तो हात घरी ठेवून यायचं.

त्यानंतर मी अकरा वर्षं तिथं मिक्सिंग केलं. सकाळी आल्यावर पहिला मग पिंपात घालायचे, पाणी आहे का बघायला.

उस्ताद पुढं घरीच वारले, दम्यानं. त्या पाच बायकांतल्या दोघी आता नाहीत, एक तापानं गेली, एक म्हातारपणानं. ज्या बाईनं तोंड फिरवून डबा दिला, ती आहे, आणि तिचं ते लेकरूही आहे. माझी जाऊ आहे. तिला डाव्या डोळ्यानं दिसतं, उजव्यानं फक्त उजेड कळतो. मी आहे.